नुसतं "बटन, बटन"

आज दुपारी सदाशिव पेठेत मित्राकडे होतो. त्याला दिसत नाही. कॉम्प्युटर तो एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, सफाईने चालवतो. बहिणीच्या डोहाळजेवणासाठी एका दुकानाच्या वेबसाइटवरून साडी मागवायची होती. मला ऐकू यावं म्हणून त्याने हेडफोन काढला. "ग्राफिक. लिंक. बटन. बटन." कसलं बटन? साडीचा रंग, किंमत, सगळं फोटोतच छापलेलं! तरी टॅब दाबत दाबत तो पैसे भरण्यापर्यंत पोचला, आणि तिथे चित्रातली अक्षरं ओळखायचा कॅप्चा. ऐकण्याचा पर्यायच नाही. शेवटी त्याने कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. पैसे त्याचे, बहीण त्याची, आणि ऑर्डर मी करायची? फार लागलं मनाला.

अहो, ही कामं अवघड नाहीत. फोटोला ऑल्ट टेक्स्ट (फोटोत काय आहे ते सांगणारा, स्क्रीन रीडरला वाचता येणारा मजकूर), बटनाला नाव, फॉर्मच्या प्रत्येक रकान्याला लेबल, माउसशिवाय सगळीकडे पोचता येणं. अक्षरं आणि पार्श्वभूमीत किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडदपणातला फरक, ठेवला तर नजर कमी झालेल्या आजी-आजोबांचीही सोय होते. दिव्यांग हक्कांचा २०१६चा कायदा खासगी सेवांनाही लागू आहे. ३० एप्रिल २०२५ला तर सुप्रीम कोर्टाने डिजिटल सेवा वापरता येणं हा संविधानाच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं.

पुण्यात वेबसाइट बनवून देणारे गल्लोगल्ली आहेत. दुकानदार मंडळी, त्यांचं पुढचं बिल चुकतं करण्याआधी माउस बाजूला ठेवून, तुमच्यासमोर एक ऑर्डर पूर्ण करून दाखवायला सांगा.