कोल्हापूरची हाफ ट्रायथलॉन: राजाराम तलाव, तवंदी घाट आणि घड्याळातला हिशोब

राजाराम तलावात पोहायचं, हायवेने निपाणीच्या पुढे तवंदी घाटापर्यंत सायकल मारून परत यायचं आणि मग विद्यापीठाच्या बाजूच्या रस्त्यांवर २१ किमी पळायचं, असा तो कार्यक्रम. १.९ किमी स्विम, ९० किमी सायकल, २१.१ किमी रन, मिळून ११३. फुल म्हणजे याच्या बरोबर दुप्पट, २२६, तो विषय आपल्यासाठी सध्या बंद. पुण्याहून मी आणि माझा एक दोस्त गेलेलो, ऑक्टोबर हीट नुकतीच सुरू झालेली. पुढच्या वेळी ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी लिहितोय, त्यामुळे नुसतं काय झालं हे नाही तर नंतर घड्याळातली फाइल उघडून बसल्यावर काय कळलं तेही लिहितो, कारण खरी गंमत तिथेच आहे.

आधी जायचं-राहायचं उरकून टाकतो. सायकल असेल तर सरळ कार काढा. रेल्वेने सायकल पार्सल करावी लागते आणि ती तुमच्याच गाडीत चढेल ही खात्री कोणी देत नाही. हायवेवर सहापदरीकरणाची कामं आणि डायव्हर्जन होती, नेहमीपेक्षा दीड-दोन तास जास्त धरा आणि शुक्रवारीच निघा. हॉटेलं स्टेशन रोड, शाहूपुरी भागात भरपूर आहेत, तलाव तिथून लांब नाही. फक्त बुक करताना विचारून घ्या की पहाटे साडेतीनला गेट उघडणार का, सायकल रूममध्ये नेऊ देणार का. आम्ही राजारामपुरीत मामाकडे उतरलो त्यामुळे हा प्रश्न नव्हता, वेगळा प्रश्न होता. मामींनी शनिवारी दुपारीच तांबडा-पांढरा करून ठेवलेला. "एवढ्या लांबनं आलाईसा आणि भातच खातूयस व्हय रे?" म्हणाल्या. मी म्हटलं, मामी, उद्या दुपारनंतर म्हणाल तेवढं खातो, आज वरण-भात आणि बटाट्याची भाजी द्या. त्या बिचाऱ्यांना वाटलं पोरगं आजारी आहे. पण हे मनावर दगड ठेवून कराच. आदल्या दिवशी कोल्हापुरात मिसळ, रस्सा, भेळ यांच्यापासून लांब राहणं हाच रेसचा पहिला कटऑफ आहे, इथे चुकलात की बाद. तेल आणि तिखट दोन्ही पोटात रेंगाळतात आणि फायबर सकाळी त्रास देतं. साधा भात, इडली, केळी, बास.

रजिस्ट्रेशन आणि सायकल चेक-इन आदल्या दिवशी झालं. ब्रेक, हँडलच्या टोकाचे प्लग आणि हेल्मेट बघतात. ब्रीफिंग कंटाळवाणं असलं तरी बसा, कारण मार्ग ऐनवेळी बदलू शकतो. दोन नियम नवीन लोकांना नडतात. एक, ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे स्विममधून सायकल आणि सायकलवरून रन असं बदलायच्या जागेत, सायकलला हात लावायच्या आधी हेल्मेटचा बकल लागलेला पाहिजे आणि परत आल्यावर सायकल रॅकवर टांगल्याशिवाय तो काढायचा नाही. दोन, ड्राफ्टिंग, म्हणजे पुढच्याच्या आडोशाला वारा चुकवत जाणं, चालत नाही, पुढच्या सायकलपासून साधारण १२ मीटर अंतर ठेवायचं, ओव्हरटेक करायचं असेल तर पटकन करून मोकळं व्हायचं. रविवारी ग्रुप राइडला एकमेकाच्या चाकाला चिकटून जायची सवय असलेल्यांना हे लई जड जातं. म्हणून एकट्याने हायवेवर तीन तास वारा खात बसायची प्रॅक्टिस आधी करा.

आता तलाव. वीरधवल खाडेचं गाव आहे, इथे पोहायला लोक घाबरत नाहीत. स्थानिक पोरं काठावरून अशी सूर मारत होती की आपण टाइट गॉगल लावून उगाच शायनिंग मारतोय असं वाटावं. पाणी कोमट. पाणी २४.५ अंशांच्या वर असलं की वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी सूट) चालत नाही आणि आपल्याकडे ऑक्टोबरात त्याची गरजही नाही, त्यामुळे वेटसूटवर पैसे घालवू नका. काठाला चिखल, पायाला गाळ लागतो, आणि पाण्यात हाताची बोटंसुद्धा धड दिसत नाहीत. टँकमध्ये तळाच्या काळ्या पट्टीवर नजर ठेवून सरळ पोहणाऱ्यांची इथे पंचाईत होते. वर सूर्य उगवला की पूर्वेकडे जाताना बोया (मार्गाची खूण म्हणून पाण्यावर तरंगत ठेवलेली) दिसतच नाही, नुसता चकाकणारा पडदा. डार्क किंवा मिरर गॉगल न्या, आणि बोयाऐवजी तिच्या मागचं एखादं मोठं झाड किंवा टॉवर आधीच हेरून ठेवा. हे काम आदल्या दिवशी काठावर उभं राहून होतं.

माझा स्विम ५४ मिनिटं. बाहेर आलो तेव्हा वाटलं, चला, आज हात चालले नाहीत. नंतर फाइल बघितली तर घड्याळ म्हणतंय २१५० मीटर. जीपीएस पाण्यात थोडं इकडेतिकडे करतं हे धरलं तरी मॅपवरची रेघ बघून कळतं, नुसती नागमोडी. १०० मीटरचा वेग अडीच मिनिटं, म्हणजे टँकमधल्यासारखाच. मग स्पीड कमी नव्हताच, २५० मीटर जास्त पोहलो त्याची सहा मिनिटं गेली. हे कळलं नसतं तर मी पुढचे चार महिने टँकमध्ये स्पीडचे सेट मारत बसलो असतो. आता तोच वेळ दर आठ-दहा स्ट्रोकला डोकं वर काढून बघायच्या सवयीला देतोय, टँकमध्येसुद्धा डोळे मिटून सहा स्ट्रोक मारायचे आणि उघडून बघायचं किती तिरके गेलो. फुकटचा ड्रिल आहे, करून बघा, हसू येतं.

सायकलबद्दल मात्र सविस्तर लिहायला पाहिजे. उचगाव, गोकुळ शिरगाव, कागल, मग दूधगंगेचा पूल ओलांडला की कर्नाटक, कोगनोळीचा टोलनाका, निपाणी आणि पुढे तवंदीचा चढ. कागलपर्यंत रस्ता असा फसवा आहे की सपाट वाटतो पण सारखा थोडा वर-खाली होत असतो. पाय ताजे असतात, सगळे सुसाट सुटलेले असतात. मी घरून ठरवून गेलेलो की चढावर पल्स १४८ च्या वर जाऊ द्यायचा नाही, मग कोणी का मागून येईना. घाटात सात-आठ जण मला मागे टाकून उभ्याने पॅडल मारत गेले, एकाने जाता जाता "चला पाव्हणं" पण म्हटलं. त्यातले निम्मे मला नंतर रनला १२-१३ किमीच्या आसपास चालताना भेटले. मी फार भारी आहे म्हणून हे झालं नाही, हिशोबच तसा आहे. चढावर जोर लावून फार तर दीड-दोन मिनिटं वाचतात, पण त्या जोरात जाळलेलं ग्लायकोजन, म्हणजे स्नायूंतला साखरेचा साठा, परत मिळत नाही. ज्यांच्याकडे पॉवर मीटर (पॅडलवरचा जोर मोजणारं यंत्र) नाही त्यांनी एवढंच करावं, चढावर एक गिअर हलका ठेवावा आणि नाकाने श्वास घेता येतोय का बघत जावं.

परतताना वारा तोंडावर होता. तिथे मान खाली, हात बारवर आणि स्पीडकडे बघायचंच नाही. सरासरी साडेसत्तावीस पडली, ३ तास १६ मिनिटं.

रस्त्याची एक गोष्ट कोणी सांगत नाही. हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरचे तुकडे पडलेले असतात आणि त्यातल्या केसाएवढ्या बारीक तारा सायकलच्या टायरमध्ये घुसतात. ट्यूब बदलली तरी तार आतच राहते आणि दोन किमीवर परत फुस्स. दोस्ताचं कागलच्या पुढे तसंच झालं, पण त्याच्या सॅडल बॅगमध्ये भुवया उपटायचा छोटा चिमटा होता, टायरच्या आतून बोट फिरवून तार शोधली, चिमट्याने ओढून काढली आणि मगच नवी ट्यूब टाकली. शेजारच्या टपरीवरचे एक काका चहाचा ग्लास हातात घेऊन सगळं बघत होते, शेवटी म्हणाले, "पैसं भरून एवढं दमायचं म्हंजी नाद खुळा हाय तुमचा." तर चिमटा न्या, दहा ग्रॅम वजन. रेस नोव्हेंबरनंतर असेल तर उसाच्या ट्रॉल्याही धरा, रस्त्यावर पडलेल्या उसाच्या कांड्यावरून चाक गेलं की सरळ आडवे.

खाण्याचं गणित सायकलवरच सुटतं, रनला पोट काही घ्यायला तयार नसतं. ताशी ६० ग्रॅम कार्ब (कार्बोहायड्रेट) हा साधारण आकडा, सवय असेल तर ९० पर्यंत जाता येतं, पण नुसत्या ग्लुकोजवर नाही. आतडं ग्लुकोज तासाला ६० ग्रॅमच्या आसपासच ओढतं, फ्रुक्टोज वेगळ्या वाटेने जातं, म्हणून दोन्ही मिसळून घेतलं तर जास्त पचतं. एका जेलमध्ये, म्हणजे साखरेच्या घट्ट पाकाच्या छोट्या पाकिटात, २०-२५ ग्रॅम असतात, म्हणजे तासाला तीन, तीन तासांचे नऊ, आणि एका जेलची किंमत बघितली की घाम तिथेच फुटतो. मी अर्धे जेल घेतले आणि अर्धं काम गुळावर भागवलं. गूळ म्हणजे बहुतेक सुक्रोज आणि सुक्रोज पोटात गेल्यावर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मं-निम्मं सुटतं, म्हणजे महागड्या पाकिटात जे असतं त्याच जातीचं. कोल्हापुरात येऊन गुळावर रेस करायची नाही तर कुठे करायची? बाटलीत गूळ, लिंबू, मीठ, गाळून, नाहीतर नोझल तुंबतं. पण रेसच्या दिवशी पहिल्यांदा करू नका, आधी लांब राइडला तीन-चारदा पोटाला दाखवून घ्या.

आणि ओआरएस. मेडिकलमध्ये मिळणारं, एक लिटर पाण्यात टाकायचं पाकीट घ्या, टेट्रापॅकमधलं गोड पाणी वेगळं. डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्यात लिटरला २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. म्हणजे मीठ भरपूर पण इंधन म्हणून जवळपास काहीच नाही, त्यामुळे ओआरएस प्यालो म्हणजे खाणं झालं असं समजू नका. उलट बाजूने, नुसतं साधं पाणी ढोसत राहणंही धोक्याचं, रक्तातलं सोडियम उतरतं. आपल्याला किती घाम येतो ते घरीच काढता येतं. एक तास सायकल मारायच्या आधी आणि नंतर उघड्या अंगाने वजन करा, कमी झालेला एक किलो म्हणजे साधारण एक लिटर, त्यात प्यालेलं पाणी मिळवा.

रन सुरू झाला तेव्हा ऊन डोक्यावर येत चाललेलं. पहिले साडेदहा किमी १ तास ७ मिनिटांत, दुसरे १ तास २१ मिनिटांत. त्या क्षणी विचारलं असतं तर मी छातीठोक सांगितलं असतं की पाय गेले. फाइल वेगळं सांगते. दोन्ही भागांत सरासरी पल्स १५२. म्हणजे इंजिन तेवढंच फिरतंय, गाडी मात्र हळू चाललीय. उन्हात शरीर रक्त कातडीकडे वळवतं, घामाने रक्तातलं पाणी कमी होतं, एका ठोक्याला हृदय कमी रक्त फेकतं, मग तोच वेग ठेवायला जास्त ठोके लागतात. ठोके जास्त होऊ द्यायचे नाहीत तर वेग पडतो. एड स्टेशनला, म्हणजे पाणी-बर्फ मिळतो त्या थांब्यांवर, पळायचं सोडून चाललो म्हणून वेळ गेला असंही नाही, थांब्यांचे सेकंद जोडले तर पाच मिनिटंसुद्धा होत नाहीत, बाकी सगळी मंदी दोन थांब्यांच्या मधली. आणि शेवटच्या काही किमीमध्ये एका काकूंनी घरासमोर पाइप धरलेला, त्यांनी डोक्यापासून पायापर्यंत भिजवून काढलं, त्याच्या पुढचे दोन किमी मॅपवर हिरवे दिसतात! पल्स खाली, वेग वर. पायच गेले असते तर पाण्याने परत आले नसते.

म्हणून माझ्यापुरता निर्णय असा की आता पायांसाठी स्क्वॅट वाढवण्यापेक्षा उन्हात पळायचं वाढवायचं. रेसच्या आधीचे दहा-चौदा दिवस दुपारी अकराच्या पुढे हळू पळायचं, शरीर उन्हाला सरावतं, घाम लवकर सुटायला लागतो. रेसमध्ये पहिल्या एड स्टेशनपासूनच बर्फ टोपीत, गरम व्हायची वाट बघायची नाही. पांढरी टोपी, पूर्ण बाह्या, आणि मोजे जाड नकोत कारण ओतलेलं सगळं पाणी शेवटी बुटातच जातं.

एकूण ६ तास ४८ मिनिटं, ट्रान्झिशनची दहा मिनिटं धरून. तुमची रेस झाली की एकूण आकडा बाजूला ठेवा आणि ह्या तीन गोष्टी शेजारी शेजारी मांडून बघा: वेग, पल्स, आणि त्या वेळी पोटात काय होतं. खाल्लेलं मात्र त्याच दिवशी लिहून काढा, मी फिनिशला मोबाइलवर व्हॉइस रेकॉर्ड केलं, दुसऱ्या दिवशी कोणता जेल कुठे घेतला काही आठवत नाही.

संध्याकाळी मामींनी वचन वसूल केलं, तांबड्याच्या तीन वाट्या आणि वर गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध. दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळ खाऊनच निघालो. रात्रीच गाडी चालवत परत जायचा विचार करत असाल तर नका करू, पहाटे तीनपासून जागे असता आणि क्लच दाबताना पिंडऱ्यांना गोळे येतात. सोमवारची सुट्टी आधीच टाकून ठेवा, साहेबांना कारण काहीही सांगा.