लाल झगा आणि शेवटचा बाक

सणाला दोन महिने असताना फादरांनी विचारलं, "संत गोन्सालोच्या मिस्साला झगा करून देशील का गं?" मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना आणि झगा म्हणजे तेव्हा फादर सगळ्यात वरून घालतात तो. मी वसईत ब्लाउजवर आरीकाम करते. नवरीचे ब्लाउज इतके भरलेत की लगेच हो म्हणून बसले.

रंगाचा प्रश्नच नव्हता. गोन्सालो गार्सिया आमच्या वसईचे. १५९७ साली नागासाकीला क्रुसावर भाल्यांनी मारलेल्या २६ जणांपैकी एक. रक्तसाक्षीच्या, म्हणजे धर्मासाठी जीव दिलेल्या संताच्या, सणाला झगा लालच. नक्षीत खजुराची झावळी, तिला बरोबर २६ पानं, दोन भाले आणि भोवती बारीक द्राक्षवेल.

कागदावर झकास दिसत होतं. फादरांनी तो कागद छातीवर टाचला, वेदीमागे उभे राहिले आणि मला शेवटच्या बाकावर बसवलं. तिथून दिसला नुसता डाग! भाले अर्धे वेदीआड. ब्लाउज लोक हातभर अंतरावरून बघतात, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. वेल काढली, झावळी दुप्पट केली, सगळं वर सरकवलं.

मग खाका. ट्रेसिंग पेपरला सुईने भोकं पाडायची, रॉकेलमध्ये झिंक पावडर कालवून बोळ्याने वरून फिरवायची, की कापडावर ठिपके उठतात. कापड न कापता अख्खंच अड्ड्यावर, म्हणजे भरकामाच्या लाकडी चौकटीवर, ताणलं. पानांना उठाव यावा म्हणून आधी सुती दोऱ्याचे थर आणि त्यावर दबका, म्हणजे स्प्रिंगसारखी गुंडाळलेली पोकळ जरीची तार. दबक्याचा तुकडा कापून मण्यासारखा सुईत ओवायचा आणि थरावरून पलीकडे उतरवायचा. जरा लांब झाला तर मधे फुगतो, आखूड पडला तर खालचा दोरा दिसतो. म्हणून खालचा दोरा पिवळाच घ्यावा, फट चुगली करत नाही. दिवसाला दोन पानं झाली तरी खूप.

शिवून घालून पाहिला तर झगा पुढे ओढायला लागला, मागची पट्टी मानेत रुतली. पूर्वी फादर लोकांकडे पाठ करून मिस्सा करत, तेव्हा भरकाम पाठीवर उठून दिसायचं. १९६०च्या दशकातल्या व्हॅटिकन परिषदेनंतर तोंड लोकांकडे झालं आणि मी सगळं वजन पुढेच टाकलं होतं. मागे जाड जरीचा क्रूस भरला तेव्हा तोल आला.

कॉलर माइकचा विचार मात्र कुणीच केला नव्हता. रंगीत तालमीला तो वरच्या पानांवर घासून खरखर करायला लागला. दोन पानं उसवली. पण २६ तर हवीतच, म्हणून ती देठाशी पुन्हा भरली. सॅटिनवर सुईची भोकं राहतात, ती झाकायला तिथे चार टिकल्या लावल्या.

शेवटच्या बाकावरून त्या दिसल्या नाहीत. आई बसली होती पहिल्या बाकावर. मिस्सा संपल्यावर म्हणाली, "फादरांच्या गळ्याशी काय गं सांडलं होतं?"