ज्युरी कोपऱ्यात, माईक मधोमध

मी चॅटनूगात साऊंडचं काम करतो. चर्च, लग्नं, कंपन्यांचे कार्यक्रम, जे मिळेल ते. एका जुलैत डेटनचं काम आलं, टेनेसीतलंच छोटं गाव, तिथल्या रे काउंटीच्या जुन्या कोर्टात नाटक होतं आणि नाटक कसलं तर त्याच कोर्टात, वरच्या मजल्यावरच्या त्याच हॉलमध्ये १९२५ साली, शाळेत उत्क्रांती शिकवली म्हणून एका मास्तरावर चाललेल्या स्कोप्स खटल्याचं.

१८९१ ची विटांची इमारत, वर घड्याळाचा टॉवर. आत गेलो तर तिथले काका पहिलंच काय विचारतात, सामानाचं वजन किती? मला हसू आलं. ते हसले नाहीत. म्हणाले, तेव्हा एवढी गर्दी झाली होती की खालच्या मजल्याच्या छताला भेगा दिसायला लागल्या, त्यात उकाडा, म्हणून २० जुलैला जजने कोर्टच बाहेर हिरवळीवर नेलं. आणि मास्तराचा वकील डॅरो याने सरकारी बाजूच्या ब्रायनची ती गाजलेली उलटतपासणी घेतली ती त्याच दुपारी, झाडांखाली! मी गपचूप दोन जड सबवूफर स्पीकर गाडीतच ठेवले.

खटला तसा घडवून आणलेलाच होता. शाळेत उत्क्रांती शिकवायला बंदी घालणारा बटलर कायदा नुकताच आला होता, त्याला आव्हान देणाऱ्याला मदत करू अशी एसीएलयू या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेची जाहिरात पेपरात आली आणि रॉबिन्सनच्या औषधाच्या दुकानात बसून गावातल्या चार लोकांनी ठरवलं की हे इथेच करू, गावाचं नाव होईल. जॉन स्कोप्स हा तरुण मास्तर आरोपी व्हायला तयार झाला. मला यात वाईट काही वाटत नाही, धंदा मंदावलेलं गाव, करणार काय.

पण मी अडकलो ते माईकच्या गोष्टीत. शिकागोच्या डब्ल्यूजीएन रेडिओने हा खटला थेट ऐकवला, अमेरिकेत पहिल्यांदाच, फोनच्या लाईनचं भाडंच दिवसाला १००० डॉलरच्या घरात. आणि माईक नीट बसावेत म्हणून हॉलची मांडणीच बदलली, मधोमध बसणारी ज्युरी उचलून बाजूला! आमच्या लाईनीतला माणूस कुठेही गेला की आधी फर्निचर हलवतो हे मान्य, पण ज्युरी? पुढे वकिलांच्या कायद्याच्या वादात तिला बरेचदा बाहेरच काढलं, ब्रायनची साक्षही तिच्यासमोर झाली नाही. शेवटी नऊ मिनिटांत दोषी ठरवून मोकळी झाली. दंडाचा आकडाही जज रॉलस्टननेच सांगितला, १०० डॉलर.

मजा पुढे आहे. १९२७ मध्ये टेनेसीच्या सुप्रीम कोर्टाने ती शिक्षा रद्द केली, कारण काय, तर ५० डॉलरवरचा दंड ज्युरीनेच ठरवायचा असतो, जजने नाही. उत्क्रांती वगैरे राहिली बाजूला, कायदाही १९६७ पर्यंत तसाच, एवढे मोठमोठे वकील भांडले आणि निकाल उलटला तो ज्युरीला न विचारल्यामुळे.

हे सगळं काकांकडून ऐकता ऐकता मी केबल टाकत होतो. डायरेक्टर आला, म्हणाला मेन माईक ज्युरीच्या खुर्च्यांपुढे ठेव, आवाज छान येईल. आला असता, खरंच छान आला असता. मी म्हटलं बाजूला ठेवतो, गेन वाढवून, म्हणजे माईकचा आवाज चढवून भागवतो. काका पहिल्यांदा हसले.