दुसऱ्या वर्षी पॉइन्सेटिया लाल करताना

नाताळात आणलेला पॉइन्सेटिया, म्हणजे शेंड्याची पानं लाल होणारं कुंडीतलं झाड, फेब्रुवारीपर्यंत पानं गाळतो आणि बऱ्याच घरांतून कुंडीसकट बाहेर जातो. झाड मेलेलं नसतं. पुण्याच्या हवेत ते वर्षभर नीट राहतं आणि पुढच्या डिसेंबरात पुन्हा लाल होतं. मी दरवर्षी करते तो क्रम असा.

विकत घेताना लाल पानांपेक्षा मधल्या पिवळ्या दाण्यांकडे बघा. खरी फुलं तीच. ती मिटलेली असली तर रंग जास्त दिवस टिकतो. घरी आल्यावर कुंडीभोवतीचा चमकता कागद आधी काढा. त्यात पाणी साचतं, मुळं कुजतात, खालची पानं पिवळी पडतात. आणि पाणी कमी पडलं समजून आपण आणखी ओततो! बोटाचं एक पेर आत कोरडं लागलं तरच पाणी घाला.

फेब्रुवारीअखेर मी फांद्या १०-१५ सेंटिमीटर ठेवून छाटते. हातमोजे घालाच, चिकाने त्वचेची आग होते. मग एक माप मोठी कुंडी: २ भाग माती, १ भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), १ भाग गांडूळखत, मूठभर पर्लाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे दाणे). फुटवे आले की दर १५ दिवसांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत), लिटरभर पाण्याला १ ग्रॅम. नर्सरीतलं झाड वाढ रोखणाऱ्या औषधांमुळे बुटकं असतं, घरी ते उंच होणारच. म्हणून जून ते ऑगस्ट शेंडे खुडायचे. ऑगस्टनंतर खुडलं तर नव्या फुटव्यांना वाढायला वेळ उरत नाही. पावसाची संततधार लागली की कुंडी छपराखाली घ्या. पानामागे पांढरी माशी दिसली तर निंबोळी तेल ५ मिली आणि द्रवरूप साबणाचे दोन-तीन थेंब एक लिटर पाण्यात, संध्याकाळी फवारायचं.

खरी कसोटी अंधाराची. हे झाड रात्रीची लांबी मोजतं. आपल्याकडे ऑक्टोबरात रात्र १२ तासांच्या वर जाते, म्हणून जुन्या बंगल्यांच्या आवारातली झाडं काही न करता डिसेंबरात लाल होतात. मात्र त्याच झाडाची रस्त्याच्या दिव्याकडची फांदी हिरवी राहू शकते. फ्लॅटच्या गॅलरीत नेमकं हेच आडवं येतं: हॉलचा उजेड, समोरच्या इमारतीचा दिवा.

थंड देशांतले लोक झाडावर खोकं पालथं घालतात. मला ते इथे पटत नाही, ऑक्टोबरच्या उकाड्यात खोक्याच्या आत हवा तापते आणि रात्र गरम राहिली की रंग लांबतो. त्यापेक्षा रात्री कुणी दिवा लावत नाही अशी, हवा खेळती असलेली खोली शोधा. १ ऑक्टोबरपासून संध्याकाळी साडेपाचला कुंडी आत, सकाळी साडेसातला बाहेर उन्हात, दिवसा चार-पाच तास तरी ऊन. असे ८ आठवडे, एकही रात्र न चुकवता. मध्यरात्री दोन मिनिटं लागलेला दिवासुद्धा ती रात्र मोडू शकतो. दाराला चिठ्ठी लावून ठेवा, घरातले विसरतात.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला शेंड्याच्या पानांच्या शिरा तांबूस दिसू लागतात. महिनाअखेर पानं पूर्ण लाल झाली की खत बंद करून कुंडी दिवाणखान्यात आणते. त्यानंतर दिव्याचा त्रास होत नाही.