शिट्टी गेली, सूंसूं उरली

परवा वळीव येऊन गेला आणि मागे गल्लीची लाईट घेऊन गेला. कूलर सगळे गपगार, वारा मात्र सेकंदाला सहा मीटरच्या आसपास टिकून. नागपुरात मे महिन्यात असा योग कुठे जुळतो! धावत गच्चीवर जाऊन माझ्या छोट्या पवनचक्कीचा ब्रेक सोडला आणि माईक लावला.

आधी त्या शिट्टीचं. आवाजाच्या आलेखातला 2.8 किलोहर्ट्झचा सुळका, ज्याच्यापायी शेजारच्या काकू रोज विचारायच्या, "ते तुमचं चाक काय शिट्ट्या मारून राहिलं जी?" इथल्या बहुतेकांचा संशय जाड ट्रेलिंग एजवर, म्हणजे पात्याच्या मागच्या कडेवर होता. हिशोबही जुळत होता: पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला 36 मीटर, कड अडीच मिलिमीटर, स्ट्रूहाल (भोवरे किती तालात सुटतात तो आकडा) 0.2 धरला तर 2.9 किलोहर्ट्झ. म्हणून आवाज कमी करायला कडेवर लावलेले दाते उतरवून सागाची कड घासत जवळपास एक मिलिमीटरवर आणली. दोष कडेचा असता तर सुळका सात हजार हर्ट्झवर पळायला हवा होता. तो जागचा हलला नाही! म्हणजे भानगड पात्यालगतच्या लॅमिनार (गुळगुळीत वाहणाऱ्या) हवेच्या थराची. आपल्या आकाराच्या पात्यावर रेनॉल्ड्स (प्रवाह गुळगुळीत राहील की खळबळेल ते सांगणारा आकडा) जेमतेम दोन लाखांखाली, दाबाच्या (वाऱ्याकडच्या) बाजूचा थर शेवटपर्यंत गुळगुळीत वाहतो आणि कडेपाशी तालात भोवरे सोडतो.

उपाय हास्यास्पद स्वस्त निघाला. बर्डीवरून शिंप्याची झिगझॅग कात्री आणली, इलेक्ट्रिक टेपचे तीन थर कापून दाबाच्या बाजूला चिकटवले, म्हणजे थर कडेच्या आधीच विस्कटतो. शिट्टी साफ गायब. आलेखात तिथे आता सपाट मैदान आहे, दोनदा तपासलं. (टेपचा डिंक इथल्या उन्हात पाघळतो; पुढच्या वेळी अ‍ॅल्युमिनियम फॉइल टेप.)

उरली ती सूंसूं, म्हणजे टर्ब्युलंट (खळबळता) थर कडेवरून सुटतानाचा आवाज. दात्यांचं खरं काम इथेच, आणि दात्यांनीच दगा दिला. एएसए (ऊन सोसणारं प्लास्टिक) म्हणून विकलेल्या 3डी प्रिंटिंगच्या रिळाचे दाते उन्हात दाबाच्या बाजूला वाकलेत. एक तुकडा चहाच्या पाण्यात, उकळी फुटायच्या बऱ्याच आधी बुडवला तर शेवईसारखा लुळा पडला. एएसए शंभर अंशांच्या आसपास मऊ होतं. हे उघड पीएलए आहे, त्याहून बऱ्याच कमी तापमानाला मऊ होणारं प्लास्टिक. त्या दुकानात पुन्हा पाऊल नाही. वाकडे दाते तर सरळ कडेपेक्षा वाईट, फटींतून आडवा झोत घुसतो आणि वरच्या पट्टीतला आवाज वाढतो.

आता एक मिलिमीटर पॉलिकार्बोनेटच्या पत्र्यातून कापायचे ठरवले होते. पण हे लिहिता लिहिता सुचलं: हा आवाज वेगाच्या पाचव्या घातानं वाढतो. वेग दहा टक्के उतरवला तर 2.3 डेसिबल कमी, आणि मोठ्या टर्बाइनवर दाते लावून मिळतात तेही दोन-तीनच. मग आधी कंट्रोलरचा लोड कर्व्ह (कोणत्या वेगाला जनरेटरवर किती भार ते) वाढवून टीएसआर (टोकाचा वेग भागिले वाऱ्याचा वेग) 6 वरून 5.4 वर आणतो. फार खाली नेलं तर पातं स्टॉल होऊन (हवेचा प्रवाह पात्यावरून सुटून) नवीनच घरघर सुरू व्हायची. 24 व्होल्टचा कर्व्ह कुणी बसवला असेल तर तक्ता टाका, रविवारी भरतो. पत्रा तोवर थांबेल.