डब्यावर लिहिलं होतं गिफ्ट

मागच्या दिवाळीत आईने दादाला बेसनाचे लाडू पाठवले, ओळखीतलं एक जोडपं सुट्टी संपवून परत चाललं होतं त्यांच्याबरोबर. दादा लाइप्झिगला असतो, चौघांत एक फ्लॅट आणि चौघांत एकच किचन. आईला वाटलं कस्टमवाल्यांनी बॅग उघडली तर बिचाऱ्यांना झंझट नको, म्हणून तिने स्टीलच्या डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावून लाल मार्करने ठसठशीत इंग्रजीत लिहून टाकलं, गिफ्ट. दादाने डबा तसाच किचनच्या फळीवर ठेवला. आठवड्याने त्याचा फोन, "आई, यंदा लाडू उरलेत गं!"

उरणारच. जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष. स्पेलिंग तेच, उच्चार तोच, आणि वर लाल मार्कर.

म्हणजे तिथल्या पोरांना इंग्रजी येत नाही असं नाही, आपल्यापेक्षा बरं येतं, सगळे हसले म्हणे पहिल्या दिवशी. पण रात्री दीड वाजता भूक लागून माणूस फळीपाशी जातो तेव्हा डोकं मातृभाषेत चालतं, आणि हात थोडा आखडतोच.

हा शब्द तेव्हापासून माझ्या मागे लागलाय. कारण ही नुसती योगायोगाची गंमत असती, म्हणजे दोन वेगळे शब्द फिरत फिरत एकसारखे दिसायला लागले असते, तर मी विसरूनही गेले असते, पण तसं नाहीये, दोन्ही गिफ्ट एकच आहेत. 'देणे' या क्रियापदापासून झालेलं साधं नाम, म्हणजे जे दिलं ते. जुन्या जर्मनमध्येही त्याचा अर्थ भेट असाच होता, स्त्रीलिंगी होता, ती गिफ्ट. आज विषाच्या अर्थी तो नपुंसकलिंगी आहे, ते गिफ्ट. जुनी 'ती' फक्त एका शब्दात शिल्लक राहिलीय, मिटगिफ्ट, म्हणजे मुलीच्या सोबत दिलेलं. म्हणजे हुंडा. (हुंडा या शब्दाच्या पोटात विष, यावर मी वेगळं काय बोलू.)

मग भेटीचं विष झालं कसं? तर डॉक्टरांमुळे. ग्रीकमध्ये 'डोसिस' म्हणजे देणं, वैद्य मोजून देतो ते औषध म्हणजे डोस. लॅटिनमधून हा शब्द जर्मन वैद्यांकडे आला, त्यांनी त्याचं आपल्या भाषेत सरळ भाषांतर केलं, देणं म्हणजे गिफ्ट. आणि एखाद्याला काहीतरी 'दिलं' असं दबक्या आवाजात म्हटलं की काय दिलं ते सगळ्यांना कळतंच. आपणही रात्री सापाला साप म्हणत नाही, लांबडं म्हणतो, बांगडी फुटत नाही, वाढवते. तसंच ते विष न म्हणता नुसतं 'दिलेलं' म्हणायला लागले, आणि मग मूळ अर्थ हळूहळू मेलाच. आता गिफ्टश्रांक म्हणजे विषाचं कपाट, लायब्ररीत जी पुस्तकं कुलपात ठेवायची त्या कपाटालाही हेच नाव. आणि गिफ्टत्स्वेर्ग म्हणजे विषारी बुटका, सतत टोचून बोलणारा खडूस माणूस, असा एक आमच्या सोसायटीतही आहे.

गंमत म्हणजे तो ग्रीक डोस आपला नातेवाईक निघाला. संस्कृतमधला 'दा' धातू, दान, आपलं दे, देणं, आणि हा डोसिस, सगळे एकाच कुळातले. मराठीत आपण उपदेशाचे डोस 'पाजतो' हे तर मला जर्मन वैद्यांपेक्षा भारी वाटतं, गोड बोलून कडू काहीतरी घशात ओतायचं.

स्वीडिशमध्ये मामला अजून पुढे गेलाय. तिथे या शब्दाचा उच्चार साधारण यिफ्त असा होतो, त्याचा एक अर्थ विष, आणि दुसरा अर्थ विवाहित. डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्येही तेच, हे दोनच अर्थ. यावरचे विनोद तिकडच्या प्रत्येक काकाने केलेले असणार. पण यात खरं तर कोडं काहीच नाही, मुलगी 'दिली' की ती गिफ्ट. माझ्या आजीला हे दोन मिनिटांत कळलं असतं, ती कुठल्याही लग्न झालेल्या मुलीबद्दल पहिला प्रश्न हाच विचारायची, कुठं दिलीय तिला? कराडला दिली, वाईला दिली. फरक एवढाच की स्वीडिशमध्ये पुरुषही गिफ्ट होतो, आपल्याकडे मुलगा अजून कुणी कुठं दिलेला ऐकला नाही. पुढे तोच शब्द व्यवहारातही शिरला, पार्किंगच्या पाटीवर 'आवयिफ्त' असतं म्हणजे पैसे भरा, आणि 'उतयिफ्त' म्हणजे खर्च. आपलं 'देणं' तरी काय वेगळंय, देवाची देणगीही त्यातूनच आली आणि किराणावाल्याचं देणंही.

डच लोकांनी मात्र व्यवस्थित हिशोब लावलाय, शेवटचा त ठेवला तर देणगी, गाळला तर विष. विषारी म्हणायचं झालं की तो त परत येतो, पण ते जाऊ दे.

आणि इंग्रजी, जिच्यामुळे हा घोळ झाला, तिचं तरी स्वतःचं काय आहे? जुन्या इंग्रजीत हा शब्द होता, पण अर्थ वधूसाठी दिलेली रक्कम, आणि अनेकवचन केलं की लग्न. आजचा ग वाला उच्चार व्हायकिंगांच्या बोलीचा, नाहीतर आपण वाढदिवसाला यिफ्ट आणि रिटर्न यिफ्ट वाटत बसलो असतो. विषासाठी इंग्रजीने फ्रेंचकडून पॉयझन घेतला, तो लॅटिन 'पोशिओ'पासून, आणि त्याचा अर्थ फक्त पेय. संस्कृत 'पा' म्हणजे पिणे, त्याचा हा चुलतभाऊ. म्हणजे पॉयझन आणि पाणी एका घरातले! इकडे जर्मनांनी भेटीसाठी जो शब्द धरला, गेशेंक, त्यातल्या शेंकनचा मूळ अर्थ पेय ओतून देणे. एकाची भेट म्हणजे पेला आणि दुसऱ्याचं विषही पेला. मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकाने १९२४ साली या एकाच शब्दावर छोटासा लेख लिहिला होता, त्याचं म्हणणं असं की जुन्या जर्मानिक लोकांत भेट म्हणजे मुख्यतः एकत्र प्यायला दिलेली बिअर वगैरे, आणि समोरच्याने पुढे केलेल्या पेल्यात नक्की काय आहे ते पिणाऱ्याला कधीच खात्रीने सांगता येत नाही. मला तर डोसपेक्षा हेच पटतं, अर्थात भाषाशास्त्रज्ञ डोसच्या बाजूने आहेत आणि मी लाडूंच्या.

हे सगळं मी आईला सांगितलं. तिने ऐकलं आणि म्हणाली, त्यात काय, आपल्याकडे घरचा आहेर नाही का. मी गप्प. खरंच की, पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' छापतो तोही आहेर, आणि पक्षातल्याच माणसाने भर सभेत पक्षाची लाज काढली की पेपरवाले ज्याची हेडलाइन करतात तोही आहेरच. मी आठवडाभर जर्मानिक भाषा उलथ्यापालथ्या करत होते आणि आई भाजणी भाजता भाजता तिथे पोचली.

आता परत कुणीतरी चाललंय तिकडे. चकल्यांचा डबा भरून ठेवलाय. आईने दादाला विचारलं, यावेळी चकली असंच लिहू का साधं. तर म्हणतो, नको नको, गिफ्टच लिही, आणि झाकणावर नाही, चारी बाजूंनी.