रात्री शुगर २९ झाली, त्यानंतरचे आठवडे

मला टाइप वन डायबेटिस आहे, कॉलेजात होतो तेव्हापासून. इन्सुलिन घेऊनच जगतोय, त्यामुळे शुगर कमी होणं म्हणजे काय हे मला नवीन नव्हतं. हात थरथरले, घाम आला, पोटात खड्डा पडल्यागत वाटलं की ग्लुकोज खायचं, थोडं बसायचं आणि कामाला लागायचं. खरं गेल्या वर्षी जुलैत झोपेत जे झालं ते वेगळंच होतं, आणि त्यातून बाहेर यायला जो वेळ लागला त्याबद्दल कुणी बोलतच नाही. सलाइन लावली, शुगर वर आली, माणूस डोळे उघडून बोलायला लागला की सगळ्यांना वाटतं झालं, बरा झाला. तसं नसतंय. बेळगाव, खानापूर, निपाणी, आपल्या या सगळ्या भागात घरोघरी शुगरचे पेशंट आहेत, त्यातले जे इन्सुलिनवर आहेत त्यांनी हे वाचावं आणि त्यांच्या घरच्यांनी तर नक्की वाचावं म्हणून लिहितोय.

मी उद्यमबागला एका कारखान्यात लेथवर आहे. मूळ गाव जांबोटीच्या बाजूला, जुलैत रोप लावणीला सगळे गावी जातो. त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत चिखलात वाकून लावणी, वर पाऊस चालूच. दिवसभरात दोनतीनदा शुगर बघितली, मध्ये खाल्लं, रात्रीच्या जेवणाचं इन्सुलिन डॉक्टरांनी सांगून ठेवल्याप्रमाणे कमी घेतलं, झोपायच्या आधी १३४ होती. १३४ म्हणजे छानच की. रात्रीचं लाँग अ‍ॅक्टिंग इन्सुलिन, म्हणजे हळूहळू बराच वेळ काम करणारं, नेहमीइतकं घेतलं आणि झोपलो. पुढचं मला काहीच आठवत नाही, जे सांगतोय ते बायकोनं सांगितलेलं.

तिला जाग आली ती माझ्या घशातल्या आवाजानं. घोरण्यासारखा खरं घोरणं नव्हे. हात लावला तर मी घामानं पूर्ण भिजलेला, चादर ओली, दात आवळलेले, हाक मारली तर उत्तर नाही आणि मग सगळं अंग झटके द्यायला लागलं. लाइट गेलेली. मोबाइलच्या टॉर्चवर तिनं मीटर काढून बोटाला टोचलं, २९ आलं. ७० च्या खाली गेली की कमी धरतात, त्यावरून समजा. आई उठली, ती साखरेचं पाणी करून घेऊन आली, चमच्यानं तोंडात घालूया म्हणत होती. बायकोनं घालू दिलं नाही. बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही, ते पाणी श्वासनलिकेत जातंय, हे तिला माहीत होतं म्हणून मी आज हे लिहितोय. तिनं मला एका कुशीवर वळवलं, तोंड खालच्या बाजूला केलं, झटके येत असताना धरून दाबलं नाही. वैनींनी १०८ ला फोन लावला, माहेर धारवाडकडचं असल्यानं त्यांचं कन्नड चांगलं आहे, पत्ता, वळण, देऊळ सगळं नीट सांगितलं, खरं तसल्या पावसात गाडीला यायला वेळ लागणार हे दिसत होतं म्हणून चुलतभावानं आपली गाडी काढली आणि आम्ही निम्म्या वाटेवर अ‍ॅम्ब्युलन्सला गाठलं. त्यांनी शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजच, दिलं.

शुद्ध आली तेव्हा आधी थंडी जाणवली. जीभ चावलेली, तोंडात रक्ताची चव, डोकं असं ठणकत होतं की प्रकाश नको वाटायचा. मला वाटत होतं अजून शेतातच आहे. बायको समोर, तिला मी ओळखत होतो खरं नाव तोंडात येईना, आणि ती घाबरली ती तेव्हाच, झटके आले त्यापेक्षा जास्त तेव्हा, असं ती नंतर म्हणाली. मेंदूला ग्लुकोजच लागतो, तो बराच वेळ मिळाला नाही की शुगर नॉर्मल झाल्यावरसुद्धा डोकं ताळ्यावर यायला वेळ लागतो. पुढे दवाखान्यात दिवस काढला, उलट्या झाल्या, झटक्यांमुळे पाठ आणि खांदे इतके दुखत होते की शर्ट घालायला मदत लागायची. दुपारपर्यंत शुगर ३०० च्या पुढे. नातेवाईक म्हणायला लागले आता जास्तीचं इन्सुलिन घे की. डॉक्टरांनी स्पष्ट नको सांगितलं. एक तर बाहेरून दिलेला ग्लुकोज, दुसरं म्हणजे शरीरानं स्वतःला वाचवायला सोडलेले हार्मोन, दोन्हीमुळे ती वर जाते, आणि त्या आकड्याला घाबरून जास्त इन्सुलिन मारलं तर रात्री परत तेच. एवढी मोठी लो झाल्यावर, म्हणजे शुगर एवढी खाली गेल्यावर, पुढचा दीडदोन दिवस धोका जास्त असतो, लिव्हरमधला साठा रिकामा झालेला असतो आणि शरीर दुसऱ्यांदा तितक्या ताकदीनं इशारा देत नाही.

बेळगावला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी शांतपणे सगळं विचारून घेतलं. दारू घेतलीस काय, हे पहिलं. मी पीत नाही, खरं विचारण्याचं कारण त्यांनी सांगितलं ते सगळ्यांना माहीत पाहिजे, दारू पोटात असली की लिव्हर नवीन ग्लुकोज बनवून सोडायचं काम नीट करत नाही, लावणी संपल्यावर जे बसतात त्यातला कुणी इन्सुलिनवर असला तर त्यानं लक्षात ठेवावं. मग लावणीचं. दिवसभर असं अंग मोडून काम केलं की स्नायूंमधला ग्लुकोजचा साठा संपतो, तो परत भरायला स्नायू रात्रभर रक्तातून ग्लुकोज ओढत राहतात आणि वर इन्सुलिनचा परिणामही वाढलेला असतो. म्हणजे काम थांबल्यावर बऱ्याच तासांनी, पहाटे दोनतीनला शुगर कोसळते. झोपताना १३४ असणं अशा दिवशी पुरेसं नसतंय. आणि झोपेत शरीराचा इशारा आधीच मंद असतो, म्हणून जाग येत नाही.

पुढची गोष्ट त्यांनी सांगितली ती मला खरी महत्त्वाची वाटते. म्हणाले, "तुला आताशा ७० च्या खाली गेल्यावर थरथर जाणवते काय?" मी विचार केला, डायरी काढली. मागच्या काही महिन्यांत ५५, ५२ असे आकडे होते आणि तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं, मशीन चालवत होतो. वारंवार शुगर कमी होत राहिली की शरीर त्याला सरावतं, अ‍ॅड्रेनलिन उशिरा आणि कमी सुटतं, घाम-थरथर हा इशाराच बंद पडतो आणि माणूस सरळ बेशुद्धीकडे जातो. यावर औषध नाही, खरं उपाय आहे. काही आठवडे एकही लो होऊ द्यायची नाही. अगदी एकही नको म्हणाले. मग तो इशारा बऱ्याच जणांचा परत येतो.

लाँग अ‍ॅक्टिंग २० टक्के कमी केलं. झोपताना १२० ते १८० मध्ये पाहिजे, कमी असेल तर काहीतरी खाऊनच झोपायचं, पहाटे तीनचा गजर लावून तपासायचं. दंडावर चिकटवायचा सेन्सर एकदा १४ दिवस लावला, रात्रभर आलेख कुठं खाली वाकतोय ते त्यावर दिसलं. तो कायम लावणं मला परवडत नाही, सरळ सांगतो, महिन्याला दोन लागतात. ज्यांना परवडतंय त्यांनी जरूर लावावा, रात्रीसाठी तर नक्कीच.

हे सगळं ऐकायला सोपं आहे. झोप हा भाग अवघड होता. अंथरुणावर पडलं की छातीत धडधड सुरू, ती भीतीची की शुगरची हे कळायचं नाही, म्हणून उठून टोचायचं, १६० असायची, परत पडायचं, परत उठायचं. बायकोचं तर माझ्यापेक्षा वाईट. ती रात्रीतून कितीतरी वेळा माझ्या मानेवर हात फिरवून घाम आलाय काय बघायची, दिवसा शाळेत शिकवायला जायची आणि घरी येऊन बसल्या जागी झोपायची. आई गावाहून आली ती आमच्या खोलीच्या दाराशीच अंथरूण टाकायची, कितीही सांगितलं तरी आत जाऊन झोपायची नाही. आजार माझा, खरं त्या रात्रीचा मार तिघांनी खाल्लाय हे मला तेव्हा कळलं. डॉक्टरांना हे बोलून दाखवलं तेव्हा त्यांनी पुढच्या खेपेला बायकोला घेऊन ये म्हणून सांगितलं, तिच्याशी वेगळं बोलले, तिची तपासणी पहाटे तीनच्या गजरावर आणली, म्हणजे मध्ये तिनं झोपायचं, तीनला मी स्वतः उठून आकडा बघून तिला सांगायचा. यानं तिला हळूहळू झोप लागायला लागली.

कामावर लेथ लगेच नको असं मीच सुपरवायझरला सांगितलं, त्यांनी काही न बोलता क्वालिटीला बसवलं, गेज घेऊन जॉब तपासायचे. बाइकचं ठरवलं, किल्ली लावायच्या आधी तपासायचं, ९० च्या वर असेल तरच निघायचं.

बघायला येणारे पाहुणे कुंदा घेऊन यायचे. शुगर कमी होते ना, खा म्हणून. त्यांचं प्रेम मला कळतंय, खरं हे सांगितलंच पाहिजे की लो झाल्यावर कुंदा, पेढा, चॉकलेट कामाचं नाही. त्यात खवा, तूप असतं, त्यामुळे साखर रक्तात जायला उशीर लागतो. शुद्धीवर असताना १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे ग्लुकोज पावडर नाहीतर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटं थांबायचं, परत तपासायचं, ७० च्या वर नसेल तर परत तेवढंच. वर आल्यावर मग भाकरी, दूध, केळं काय ते. आणि शुद्ध नसेल तर तोंडात काहीही नाही. त्यासाठी शुगर वर आणणारं ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन असतं, १ मिलिग्रॅम, मांडीत द्यायचं, घरचं कुणीही देऊ शकतं. आमच्याकडे ते नव्हतं, असतं हेच बऱ्याच घरांत माहीत नाही. चिठ्ठी घेऊन बेळगावात मेडिकल फिरलो, शेवटी एकानं मागवून दिलं. डॉक्टरांनी बायकोला, वैनींना ते कसं मिसळायचं, कसं भरायचं हे दाखवलं. दिल्यावर उलटी होऊ शकते म्हणून कुशीवरच ठेवायचं.

पाकिटात एक लॅमिनेट केलेली चिठ्ठी आहे आता, मराठीत आणि त्याखाली कन्नडमध्ये, वैनींनी लिहून दिली. मला डायबेटिस आहे, इन्सुलिन घेतो, बेशुद्ध असेन तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. उद्यमबागात माझ्या शेजारच्या मशीनवरचे दोघे कन्नड बोलणारे आहेत, त्यांनी ती वाचून मला आणखी चार प्रश्न विचारले, ते बरं वाटलं.

गणपतीच्या सुमारास एका दुपारी क्वालिटीच्या टेबलावर बसलेलो असताना हात थरथरायला लागला, कपाळावर घाम. तपासलं, ६६. कितीतरी महिन्यांनी शरीरानं वेळेवर सांगितलं. ग्लुकोज खाल्लं आणि लगेच बायकोला फोन केला, शुगर कमी झाली म्हणून आनंदानं फोन करणारा मी पहिलाच असेन, तिला आधी काही कळेना आणि मग ती फोनवरच रडली. पूर्ण पूर्वीसारखा इशारा अजून येत नाही, कधी ६६ ला कळतं, कधी ६० ला. ५५ पर्यंत न कळता गेल्याचं मात्र त्यानंतर झालेलं नाही.

यंदाही लावणीला जाणार आहे. डॉक्टरांकडून त्या दिवसांचा डोस आधीच लिहून घेतलाय, लाँग अ‍ॅक्टिंग किती कमी, रात्री झोपताना काय खायचं, दोनला आणि चारला तपासणी. जास्तीच्या स्ट्रिप्स, सेल, टॉर्च आणि ग्लुकॅगॉन एकाच डब्यात भरलंय, डबा गावच्या घरात देवघराशेजारच्या फळीवर राहील, आणि आम्ही पोचलो की त्याच संध्याकाळी वैनी आणि चुलतभाऊ दोघांनाही इंजेक्शन परत एकदा करून दाखवणार आहे.